वकीलसाहेबांची चाल

आमच्या दवाखान्यात ‘अंदाजे’ हा शब्द चालत नसे. कितवा महिना, असं विचारल्यावर पेशंटनं “असंल अंदाजे सातवा” म्हटलं की डॉक्टरबाई पेन खाली ठेवायच्या. म्हणायच्या, “अंदाज भाजीत मीठ टाकताना. इथं आठवायचं.” मग ती बिचारी सणवार आठवत बसायची. पोळ्याला पाळी आली होती का, दसऱ्याला माहेरी गेली तेव्हा काय होतं, असं करत करत बाई तिच्याकडून नेमका दिवस काढून घ्यायच्या आणि जिंकल्यासारखं माझ्याकडं बघायच्या.

मी त्यांच्याकडं नर्स होते. औरंगपुऱ्यातल्या एका गल्लीत, खाली कापडाचं दुकान आणि वर आमचा दवाखाना. जिना इतका अरुंद की भरल्या दिवसांच्या बायकांना तिरपं होऊन चढावं लागायचं. मी पैठण तालुक्यातल्या शेतकरी घरातली. शहरात नोकरी म्हणजे पांढरे कपडे आणि डोक्यावर पंखा एवढीच माझी कल्पना होती. मुलाखतीच्या दिवशी बाईंनी माझी प्रमाणपत्रं बाजूला सारली आणि विचारलं, “फटफटीवर मागं बसता येतं का?” मी म्हटलं, कधी बसले नाही. त्या म्हणाल्या, “मग पहिलं ते शीक. बाकीचं तुला येत असणार.”

बाईंचं लग्न झालेलं नव्हतं आणि त्याबद्दल विचारायची शहरात कुणाची छाती नव्हती. उंच, सडपातळ, केस आखूड कापलेले. सहावारी साडीचा पदर कमरेला गच्च खोचलेला, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट, आणि डोक्याला वडिलांचं जुनं उपरणं फेट्यासारखं गुंडाळलेलं. अशा अवतारात त्या गुलमंडीवरून निघाल्या की पानाच्या टपरीवरची माणसं पान लावायची थांबत. पोरंसोरं मागून ओरडायची. बाई वळून बघत नसत. एकदाच थांबल्या होत्या, ते एका पोराला सांगायला की तुझे डोळे पिवळे दिसतायत, उद्या आईला घेऊन ये.

सासवांना त्या कशा हाताळायच्या, ते सांगायलाच हवं. गावाकडच्या सुनांना रक्त कमी, म्हणून लोहाच्या गोळ्या द्याव्यात, तर सासू त्या फडताळात ठेवून द्यायची. पोर काळं होतं म्हणायची, नाहीतर एवढी औषधं आम्ही खाल्ली होती का म्हणायची. बाईंनी त्यावर वाद घालणं सोडून दिलं. त्या सासूचाच हात हातात घ्यायच्या, नाडी बघायच्या, पापणी खाली ओढून बघायच्या आणि गंभीर चेहरा करून म्हणायच्या, “तुम्हालापण अशक्तपणा लई दिसतोय हो. घरासाठी झिजलात तुम्ही. ह्या गोळ्या तुमच्या. पण एकटीनं घेऊन लागू पडत नाहीत, सुनेबरोबर बसून घ्यायच्या.” आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी तिला झिजलीस म्हणालेलं असायचं. ती म्हातारी डोळे पुसत जिना उतरायची आणि पुढच्या खेपेला सुनेचं रक्त वाढलेलं असायचं. सासूचंही.

आता त्या गाडीबद्दल.

बाईंचे वडील वकील होते. निजामाच्या राज्यात उर्दूतून वकिली करायचे. पोलीस ॲक्शननंतर शहर सोडून हैदराबादेला निघालेल्या एका अंमलदाराकडून त्यांनी ती विलायती मोटारसायकल घेतली. काळी, उंच चाकांची, टाकीवर गुडघ्यांशी रबर लावलेली. वडील गेल्यावर आईनं ती विकायला काढली, तेव्हा बाई मेडिकल कॉलेजमधून सुट्टीवर आल्या होत्या. त्यांनी गाडी अंगणाबाहेर काढली आणि चालवून परत आणून लावली. त्यानंतर विक्रीचा विषय निघाला नाही.

गाडीला त्या ‘वकीलसाहेब’ म्हणायच्या. सकाळी चालू झाली नाही की म्हणायच्या, “वकीलसाहेब आज तारीख मागतायत.” गाडी जरा वेगात आली की तिचा मागचा भाग डावी-उजवीकडं डुलायला लागायचा. मला पहिल्या वेळी वाटलं, आपण पडलोच. मी बाईंची कंबर घट्ट धरली. बाई हसून म्हणाल्या, “घाबरू नको, वकीलसाहेबांची चालच तशी आहे.” त्यांचे वडील म्हणे चालताना असेच किंचित डुलायचे. कोर्टाच्या पायऱ्या चढताना लांबूनही ओळखू यायचे. बाईंना त्या डुलण्यात वडील भेटायचे, हे माझ्या हळूहळू लक्षात आलं. मग मीही त्याची सवय करून घेतली. दर गुरुवारी आम्ही बिडकीनला जायचो आणि तिथून आतल्या वस्त्यांवर, जिथं एस.टी. जात नव्हती. बाई पुढं, मी मागं, मधे औषधांची पेटी.

चितेगावच्या अलीकडं आम्ही पडलो तो गुरुवारच होता. एक बैलगाडी शेताच्या वाटेवरून एकदम डांबरीवर आली. बाईंनी गाडी बाजूला घेतली. वेग फार नव्हता, रस्ता कोरडा होता. तरी आम्ही मुरमावर लांबपर्यंत घसरत गेलो. माझी हनुवटी फुटली. बाईंचा गुडघा सुजून कलिंगडाएवढा झाला. त्यांनी आधी माझी हनुवटी बघितली, मग पेटीतल्या बाटल्या, आणि मग स्वतःचा गुडघा. बैलगाडीवाला रडकुंडीला आला होता. बाई त्याला म्हणाल्या, “तुझी चूक नाय. बैलांना पाणी पाजलंस का?”

बातमी पुण्याला पोचली आणि बाईंचा धाकटा भाऊ आला. मोठ्या बँकेत साहेब होता, कानशिलांवरचे केस पिकले होते, तरी बाई त्याला ‘बाळ’ म्हणत आणि तो त्यांना ‘अक्का’. माणूस वाईट नव्हता. पण अक्काची त्याला लाज वाटायची, हे लपत नव्हतं. लग्नकार्यात लोक विचारायचे, त्या फटफटीवाल्या बाई तुमच्याच ना, आणि तो म्हणायचा, लांबच्या. हे बाईंनाही माहीत होतं. त्यांनीच मला एकदा हसत सांगितलं होतं.

त्यानं आल्या आल्या गाडीची किल्ली मागितली. बाई पलंगावर पाय उशीवर ठेवून बसल्या होत्या. म्हणाल्या, “ह्या गाडीला किल्ली नसते, बाळ.” तो गोंधळला. मग बाजारात जाऊन साखळी आणि भलंमोठं कुलूप घेऊन आला, मागच्या चाकातून साखळी ओवली आणि कुलपाची किल्ली खिशात टाकली. वेरूळ-अजिंठ्याला येणाऱ्या पाहुण्यांसाठी नवीन हॉटेल बांधणारा कुणी त्याच्या ओळखीचा होता. त्याला दिवाणखान्यात उभी करायला जुनी गाडी हवी होती. भाऊ म्हणाला, गाडी मानानं राहील, लोक बघतील, फोटो काढतील. तुझं वय झालं, अक्का. आता पुरे.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाल्या, “मी पडले म्हणून तू गाडी न्यायला आलास. मी का पडले, ते तरी विचार.”

त्यानं विचारलं नाही. बाईंनी मात्र मला विचारलं. दुपारी दवाखाना रिकामा झाल्यावर त्यांनी मला पलंगाशेजारी बसवलं आणि पेशंटची हकिगत घेतात तशी त्या पडण्याची हकिगत घेतली. गाडी वळवली तेव्हा तुझं डोकं कुठल्या बाजूला होतं? आवाज आधी आला की झटका? मी आठवत गेले. माझ्या तोंडून निघालं, “बाई, गाडी माझ्याखालून आधी गेली. तुमच्याखालून नंतर.”

बाई पलंगावर पुढं सरकल्या. मग म्हणाल्या, “परत सांग.” मी परत सांगितलं. “म्हणजे मागचं चाक आधी सुटलं,” त्या म्हणाल्या. “मी पुढं बसते, मला हे कधीच कळलं नसतं.” डॉक्टरनं माझ्या सांगण्याला असं पुराव्यासारखं धरावं, याचा मला त्या दिवशी जो अभिमान वाटला तो अजून उतरलेला नाही.

भावाकडून कुलूप उघडून घेताना बाईंनी त्याला खरं तेच सांगितलं, मागचा टायर काढून बघायचाय. हॉटेलात ठेवायची तर टायर चांगले दिसायला हवेत, असा त्यानं अर्थ काढला आणि किल्ली दिली. दुसऱ्या दिवशी बाई काठी टेकत मिस्त्रीच्या गॅरेजात हजर. मिस्त्री वयस्कर होता, वकीलसाहेबांच्या वेळेपासून गाडी त्याच्याच हातातली, आणि त्याची मतंही बाईंइतकीच पक्की. बाईंनी विचारलं, हा टायर ह्याच मापाचा का? तो म्हणाला, “बाई, जो नंबर पहले से था, वहीच डाल्या मैं. हर बार.” टायरच्या कडेवर नंबर होता, चार-एकोणीस. म्हणजे टायर चार इंच रुंद आणि तो बसतो ते चाक एकोणीस इंची. घासला की त्याच मापाचा, नवं रबर चढवलेला टायर आणायचा, असं वर्षानुवर्षं चाललेलं.

“आणि पहिला कुणी बसवला?”

मिस्त्री आठवत राहिला. मग म्हणाला, वकीलसाहेबांनीच. राज्य बदललं त्या सुमाराला विलायती टायर मिळत नव्हते. लष्कराच्या लिलावातला जाडजूड टायर मिळाला, चाकात बसला, साहेब खूष झाले.

बाईंनी काठी भिंतीला टेकवली. “कासार बांगडी भरताना हात बघतो,” त्या म्हणाल्या. “जुनी बांगडी बघून नवी देत नाही. टायर उतरवा. मला चाक बघू द्या.”

टायर उतरला. चाकाची लोखंडी कड गंजानं तांबडी झाली होती. बाईंनी मला पेटी उघडायला सांगितली आणि आतून गरोदर बाईच्या कमरेच्या हाडांची रुंदी मोजायचा कंपास काढला. मिस्त्रीनं तो हातात घेऊन उलटसुलट बघितला, हे कशाचं म्हणून विचारलं. बाईंनी सांगितलं. त्यानं तो लगेच परत दिला आणि फडक्याला हात पुसले.

बाई गुडघा लांब ठेवून जमिनीवर बसल्या आणि चाकाच्या दोन कडांमधलं अंतर मोजलं. एका जागी नाही, चाक फिरवून फिरवून. दोन इंचालाही कमी भरलं. मग पुढचं चाक काढायला लावलं. तेही तेवढंच. पण पुढं सव्वातीन इंची टायर होता, मूळच्या मापाचा, आणि तो चाकात कसा नीट मांडी घालून बसलेला. मागचा चार इंची मात्र त्या अरुंद कडांत चिमटला जाऊन मधे फुगायचा आणि चेंडूसारखा शेंड्यावर उभा राहायचा. म्हणूनच वेगात डुलायचा. साखळीवरच्या पत्र्याच्या आत बोट घातलं तर तिथं टायर घासून आरशासारखा पट्टा पडला होता. मिस्त्रीनं गंजावर रॉकेलचं फडकं फिरवलं तेव्हा चाकाच्या मापाचे ठोकलेले इंग्रजी आकडे उमटले, आणि पुढच्या-मागच्या दोन्ही चाकांवर ते एकच होते.

“सव्वातीन-एकोणीस,” मिस्त्री हळूच म्हणाला. “आगे जैसा, पीछे बी वैसाच.”

मला वाटलं बाई आनंदतील. त्या गंजलेल्या कडेवर बोट ठेवून बसून राहिल्या. मग म्हणाल्या, “इतकी वर्षं मी ह्याला स्वभाव समजत होते. माप चुकलं होतं.” मिस्त्रीला वाटलं, बोल त्याला लागला. बाईंनी त्याला थांबवलं. म्हणाल्या, तुमचं नाही, माझं चुकलं. मी मोजलं नाही. मला ते डुलणं आवडत होतं.

त्यांच्या तोंडून असलं काही मी आधी ऐकलं नव्हतं. आणि त्यांनी ते आडोशाला नाही, गॅरेजात उभ्या असलेल्या चार गिऱ्हाइकांसमोर म्हटलं.

टायर घ्यायला आम्ही स्टेशन रस्त्यावरच्या दुकानात गेलो. सव्वातीन-एकोणीस म्हणजे काही दुर्मीळ नव्हे, बुलेटवाले तेच घालत. दुकानदार तरुण होता. त्यानं आधी साडेतीनचा पुढं केला, म्हणाला हाही बसेल आणि दिसायला भारदस्त. बाई म्हणाल्या, “बसण्यानंच तर घात केला.” आणि साखळीच्या पत्र्यापर्यंत किती जागा सुटली पाहिजे ते त्याला समजावत बसल्या. मग त्यानं सव्वातीनचा आणला. बाईंनी त्यावर अंगठा दाबून धरला, सुजलेल्या पायावर दाबतात तसा, आणि परत केला. रबर कडक झालंय, म्हणाल्या, पडून राहिलेला माल आहे, माप बरोबर असून उपयोग नाही. तिसरा टायर त्यांनी नाकाजवळ नेऊन हुंगला, अंगठा दाबला, कडेवरचा नंबर मोठ्यानं वाचला आणि मला वाचायला लावला. ट्यूबही त्याच मापाची घेतली. जुनी चांगली आहे असं मिस्त्री म्हणत होता, पण चार इंचाची ट्यूब सव्वातीनच्या टायरात दुमडून बसते, हे बाईंनी त्याच्याचकडून वदवून घेतलं. माप बरोबर म्हणून पुढच्या टायरलाही त्यांनी सोडलं नाही. त्याच्या कडेला बारीक भेगा दिसल्या तशी जोडी नवी घेतली.

गाडी उभी राहिली, गुडघाही उतरला, तेव्हा बाईंनी भावाला जेवायला वाढता वाढता सांगितलं, गुरुवारी मोटार भाड्यानं घे आणि बिडकीनपर्यंत माझ्या मागं ये. मागचं चाक एकदा जरी डुललेलं दिसलं, तर गाडी तुझ्या हॉटेलवाल्याला. नाही डुललं, तर साखळी-कुलूप पुण्याला परत घेऊन जायचं. भाऊ माझ्याकडं बघून म्हणाला, “आणि तुम्ही परत मागं बसणार?”

घरी सासूबाईंनी मला बजावलं होतं, हनुवटीवर भागलं ते देवाची कृपा. पण मी चाक उतरताना बघितलं होतं, मापं बघितली होती. मी म्हटलं, “बसणार. मागचं मलाच कळतं.”

गुरुवारी सकाळी आम्ही निघालो. मागं मोटार. पैठण रस्ता मोकळा झाला तसा बाईंनी वेग वाढवला. ज्या वेगाला गाडी डुलायची तो वेग माझ्या कमरेला पाठ होता. तो आला आणि गेला. माझ्याखाली गाडी देवळाच्या फरशीसारखी स्थिर. चितेगावच्या अलीकडं, आम्ही पडलो होतो तिथंच, बाईंनी गाडी तशीच बाजूला घेतली आणि परत डांबरीवर आणली. मान किंचित वळवून त्यांनी विचारलं, “सिस्टर, मागचं काय म्हणतंय?”

मी म्हटलं, “काही म्हणत नाही, बाई.”

त्यांनी मान पुढं वळवली. मग वाऱ्यात मला ऐकू आलं, “वकीलसाहेब सरळ चालायला लागले.” मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. एरवी मी तसा कधी ठेवत नसे.

बिडकीनच्या बाजारात बायका वाट बघत होत्या. मधले गुरुवार बाई आल्या नव्हत्या, म्हणून गर्दी जास्तच होती. बाई तिथंच पिंपळाखाली खुर्ची टाकून बसल्या. भाऊ मोटारीतून उतरून जरा लांब चहाच्या टपरीपाशी उभा राहिला. त्यानं अक्काला काम करताना कधी बघितलंच नव्हतं. एका म्हाताऱ्यानं त्याला हटकलं, पाव्हणं कुठलं? त्यानं पुणे सांगितलं. म्हातारा म्हणाला, “मंग तुमाला ठावं नसंल. ही बाई नसती तर माझी नात नसती. रातीच्या पावसात, गुडघाभर चिखलातून आली व्हती हीच गाडी घेऊन.”

मी पेटीतून औषध काढत होते. पाठमोरी होते, पण भावाचं उत्तर मला स्वच्छ ऐकू आलं.

“माझी बहीण आहे ती,” तो म्हणाला. “सख्खी. थोरली.”

म्हाताऱ्यानं त्याच्या हातातला कोऱ्या चहाचा पेला टपरीवर ठेवायला लावला आणि त्याला दूध घातलेला दुसरा मागवला.

दुपारी परतायची वेळ झाली तेव्हा भाऊ गाडीपाशी घुटमळत राहिला. मागच्या टायरवर अंगठा दाबून बघितला, का ते त्यालाही माहीत नसावं. मग अक्काला म्हणाला, लहानपणी वडिलांच्या मागं बसायचा हट्ट करायचो, आठवतं? बाईंनी मला विचारलं, तुला मोटारीतून यायला चालेल ना? आणि पाठमोऱ्या होऊन उपरणं बांधायला लागल्या. भाऊ बूट-पँट सावरत मागं बसला. पेटी मांडीवर घेतली.

मी मोटारीच्या काचेतून बघत होते. इतकी वर्षं मी बाईंच्या पाठीला चिकटून बसले होते. लोक वाटेत थांबून काय बघतात, ते मला कधी दिसलंच नव्हतं. त्या दिवशी दिसलं. दोन्हीकडं ज्वारीची रानं, मधून काळा रस्ता, आणि त्यावर ताठ कण्याची ती उंच बाई, उपरण्याचं टोक मागं उडतंय, गाडी ओळंब्यासारखी सरळ. ड्रायव्हरनं मला विचारलं, कोण हो ह्या?

मी म्हटलं, “आमच्या बाई.”